काळा फोटोडायोड, आठ महिने रोज वापरल्यानंतर

डबी उघडली तेव्हा क्षणभर वाटलं, चिप बसवायची राहूनच गेली आहे. धातूच्या गोल कॅनवर क्वार्ट्झची खिडकी आणि खिडकीखाली चौकोनी अंधार. साध्या सिलिकॉन फोटोडायोडकडे, म्हणजे प्रकाशाचा करंट करणाऱ्या चिपकडे, बघितलं की निळसर-करडी चकाकी दिसते, डोकावणाऱ्याचा चेहराही त्यात पुसट उमटतो. इथे काहीच उमटत नव्हतं. टॉर्च तिरका धरला तेव्हा कुठे कडेची धातूची चौकट आणि तिला जोडलेली बारीक तार चमकली, आणि मधला काळा चौकोन हीच चिप आहे हे लक्षात आलं.

माझं काम जंतुनाशक यूव्ही दिवे तपासायचं. कमी दाबाच्या पाऱ्याच्या दिव्याचा अतिनील प्रकाश जवळजवळ सगळा २५३.७ नॅनोमीटरच्या एका रेषेत असतो. ती रेषा किती जोरात येते, दिवा जुना होईल तशी किती उतरते, नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी आहे का, हे मोजण्यात माझा दिवस जातो. इतकी वर्षं त्यासाठी सपाट पृष्ठभागाचा, यूव्हीसाठी म्हणून विकला जाणारा सिलिकॉन फोटोडायोड वापरत आले. आठ महिन्यांपूर्वी त्याच्या शेजारी हा काळ्या सिलिकॉनचा बसवला, आणि तुलना व्हावी म्हणून झिंक ऑक्साइडच्या नॅनोतारांचा एक डिटेक्टरही मागवला. हे परीक्षण मुख्यतः काळ्याचं आहे. तारांच्या डिटेक्टरबद्दलही लिहिणार आहे, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ त्याने घेतला.

आधी जुन्याचं दुखणं सांगते. गुळगुळीत सिलिकॉन दृश्य प्रकाशातला साधारण एक तृतीयांश भाग आरशासारखा परत फेकतो. यूव्हीत तर २५० नॅनोमीटरच्या आसपास अर्ध्याहून जास्त प्रकाश असाच परततो. वर लेप देऊन हे कमी करता येतं, पण लेप एका तरंगलांबीला जुळवला की दुसरीकडे कमी पडतो. जो प्रकाश आत शिरतो त्याचीही वाट सोपी नाही. २५४ नॅनोमीटरचा प्रकाश सिलिकॉनमध्ये पहिल्या दहा नॅनोमीटरच्या आतच बहुतेक शोषला जातो. म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली धन भाराची रिकामी जागा), हे करंटचे दोन वाहक, जन्मतात ते अगदी उंबरठ्यावर. साध्या डायोडमध्ये नेमका तिथे जास्त डोपिंगचा, म्हणजे मुद्दाम परके अणू मिसळलेला, थर असतो आणि पृष्ठभागावर तुटक्या बंधांची गर्दी असते, त्यामुळे त्यातले कितीतरी वाहक करंट म्हणून बाहेर येण्याआधीच एकमेकांत विरून जातात.

काळ्या सिलिकॉनमध्ये या दोन्ही गोष्टींवर एकाच वेळी उपाय केलेला आहे. प्लाझ्माने पृष्ठभाग असा कोरतात की त्यावर काहीशे नॅनोमीटर उंचीच्या सुया दाटीने उभ्या राहतात. त्यांच्यातलं अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास किंवा तिच्याहून कमी असल्याने प्रकाशाला सुटी सुई जाणवत नाही. हवेतून सिलिकॉनमध्ये जाताना अपवर्तनांकाची एकदम पायरी लागायची, तिथे आता उतार लागतो, आणि उतारावरून प्रकाश माघारी फिरत नाही. काळा रंग दिसतो तो यामुळे. रंग म्हणून वर काहीही लावलेलं नाही.

पण नुसतं काळं करून भागत नाही. सुया आल्या की पृष्ठभागाचं क्षेत्रफळ वाढतं, क्षेत्रफळ वाढलं की वाहक मरण्याच्या जागाही वाढतात. प्रकाश सगळा आत आणि करंट मात्र बाहेर नाही, अशी काळ्या सिलिकॉनची बरीच वर्षं अडचण होती. ती सुटली ॲल्युमिनाच्या पातळ थराने. अणूंचा एकेक थर चढवत जाणाऱ्या पद्धतीने, म्हणजे एएलडीने, हा थर प्रत्येक सुईच्या अंगाला बुडापासून टोकापर्यंत सारखा बसतो. त्यात कायमचा ऋण विद्युत्भार असतो. तो एन-प्रकारच्या, म्हणजे जास्तीचे इलेक्ट्रॉन असलेल्या, सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन खाली ढकलतो, होल वर ओढतो, आणि पृष्ठभागालगत आपोआप जंक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल वेगळे करणारी सीमा, तयार होतं. वरून डोपिंग करावंच लागत नाही, त्यामुळे ते निकामी थर उरतच नाहीत. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात हेले साविन यांच्या गटाने २०१६ मध्ये असा डायोड करून दाखवला. २५० ते ९५० नॅनोमीटरच्या सबंध पट्ट्यात बाह्य क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या दर शंभर फोटॉनांमागे करंट म्हणून बाहेर येणारे इलेक्ट्रॉन, ९६ टक्क्यांहून जास्त, आणि ७० अंशांपर्यंतच्या तिरक्या प्रकाशातही भरवशाचं रीडिंग. माझ्या मनात हा डायोड तेव्हापासून होता.

आता माझ्या बेंचवरचे आकडे. फोटॉनमागे बरोबर एक इलेक्ट्रॉन मिळाला तर वॉटमागे किती अँपिअर मिळावेत, हे नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीला १२४० ने भागून काढता येतं. २५४ साठी उत्तर ०.२०५ येतं. माझा जुना सपाट डायोड ०.१२ च्या आसपास देत आला आहे. काळ्याने पहिल्याच दिवशी ०.१९ दिले. मी दिवा बंद करून पुन्हा तापवला, शटर तपासलं, डायोडांची अदलाबदल केली, दुसऱ्या पिकोअँमीटरवर लावून पाहिलं. ०.१९ च. त्याच दिव्याकडून, त्याच अंतरावर दीडपटीहून जास्त करंट. क्षीण दिव्यांच्या बाबतीत हा फरक कागदावरचा राहत नाही. पूर्वी एका बिंदूला दहा रीडिंग घेऊन सरासरी काढावी लागायची, तिथे आता चार पुरतात.

मग उरलेले सात-आठ टक्के गेले कुठे? ते खिडकीने खाल्ले, आणि घेणाऱ्याने सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते इथे. क्वार्ट्झच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. खिडकीला पृष्ठभाग दोन, म्हणजे आठ टक्क्यांच्या जवळपास प्रकाश चिपपर्यंत पोचतच नाही. माहितीपत्रकातला वक्र मात्र उघड्या चिपचा छापलेला होता, आणि हे लिहिलं होतं ते शेवटच्या पानावर तळटीपेत. हे मला आवडलं नाही. जो माल बंद कॅनमध्ये विकायचा त्याचे आकडे बंद कॅनमध्येच मोजून द्यायला हवेत. परावर्तन शून्यावर आणायला चिपवर एवढे कष्ट घ्यायचे आणि वर लेप नसलेली सपाट काच बसवून तेच परावर्तन परत आणायचं, हे मला पटत नाही.

कोनाच्या बाबतीत तर हे आणखी ठळक झालं. माझा दिवा म्हणजे लांब नळी. डिटेक्टर जवळ नेला की नळीच्या टोकांकडचा प्रकाश त्याच्यावर फार तिरका पडतो. आदर्श डिटेक्टरने कोसाइनचा नियम पाळायला हवा, म्हणजे ६० अंशांवर समोरच्या रीडिंगच्या बरोबर निम्मं रीडिंग दाखवायला हवं. फिरत्या टेबलावर लावून मोजलं. जुना ०.४३, खिडकीवाला काळा ०.४६. सुधारणा आहे, पण ज्यासाठी मी हा डायोड घेतला तेवढी नाही. हिशेब मांडला तर दोष पुन्हा खिडकीकडेच जातो. प्रकाश तिरका झाला की काचेवरचं परावर्तन वाढतं, आणि ६० अंशांवर समोरच्या तुलनेत खिडकीतून आठ टक्के कमी प्रकाश जातो. ०.५० मधून तेवढे वजा करा, ०.४६ येतात.

खात्री करायला ओळखीच्या एका प्रयोगशाळेकडून त्याच जातीचा, पण बिनखिडकीचा डायोड दोन दिवसांसाठी आणला. तो लावताना आमचे सर शेजारी उभे होते. ६० अंशांवर ०.४९ आले. सर म्हणाले, "अजून तिरका करा." ७० वर कोसाइनप्रमाणे ०.३४ यायला हवे होते, ०.३३ आले. सरांनी वहीत दोन्ही आकड्यांखाली रेघ ओढली आणि खिडकीवाल्याचा तक्ता मागितला. समोरून पडणाऱ्या प्रकाशात बिनखिडकीच्या डायोडने ०.२१ दिले, म्हणजे फोटॉनमागे एक इलेक्ट्रॉन या हिशेबाच्या किंचित वरच. माझ्या बेंचची अनिश्चितता ३ टक्के आहे, त्यामुळे एवढ्यावरून मी शंभर टक्के ओलांडले असा दावा करणार नाही. पण हे अशक्य मात्र नाही. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढ्या ऊर्जेचा पट्टा ओलांडावा लागतो आणि २५४ नॅनोमीटरचा फोटॉन ४.९ घेऊन येतो. उरलेल्या ऊर्जेतून कधी कधी दुसरी जोडीही सुटते. आल्टोच्याच गटाने २०२० मध्ये यूव्हीत १३० टक्क्यांहून जास्त कार्यक्षमता दाखवली, आणि जर्मनीच्या पीटीबी या राष्ट्रीय मापन संस्थेने ती स्वतंत्रपणे तपासली. वाढीव इलेक्ट्रॉन साध्या डायोडमध्येही जन्मतात, ते पृष्ठभागावरच हरवतात एवढंच.

ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशाचीही एक चाचणी केली. डायोड ४५ अंशांवर तिरका ठेवून ध्रुवक फिरवला. जुन्याचं रीडिंग ध्रुवकाबरोबर वर-खाली होत राहिलं. बिनखिडकीचा काळा जवळजवळ हललाच नाही. लेसरचं काम करणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

आता नॅनोतारांचा डिटेक्टर. हाही नॅनो, तोही नॅनो, पण दोघांची जातकुळी पूर्ण वेगळी. झिंक ऑक्साइडचा पट्टा ३.३७ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, त्यामुळे ३७० नॅनोमीटरच्या पलीकडचा दृश्य प्रकाश त्याला जवळपास दिसतच नाही. हा त्याचा मोठा गुण आहे. काळ्याला खोलीतला दिवाही दिसतो आणि खिडकीतलं ऊनही, म्हणून पुढे फिल्टर लावावा लागतो. याला लागत नाही. आणि माहितीपत्रकावर आकडा असा की डोळे विस्फारावेत: ३६५ नॅनोमीटरला वॉटमागे शंभर अँपिअर. वरच्या हिशेबाने ०.२९ यायला हवेत, म्हणजे फोटॉनमागे साडेतीनशेच्या आसपास इलेक्ट्रॉन. शास्त्रीय नियतकालिकांत याहून फार मोठे आकडे आहेत. २००७ मध्ये झिंक ऑक्साइडच्या सुट्या तारेत दहाचा आठवा घात एवढी अंतर्गत वाढ नोंदली गेली.

ही वाढ येते कुठून ते समजून घेतलं नाही तर घेणारा फसतो. अंधारात हवेतला ऑक्सिजन तारेच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि तिथला इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो. तार नॅनोमीटरमध्ये जाडीची असल्याने बहुतेक सगळी तारच इलेक्ट्रॉनांवाचून रोडावते. यूव्ही पडलं की होल पृष्ठभागावर जाऊन तो भार मिटवतात, ऑक्सिजन सुटून जातो आणि मागे राहिलेल्या इलेक्ट्रॉनला जोडीदारच उरत नाही. तो तारेतून पुन्हा पुन्हा वाहत राहतो. वाहक जगतो किती वेळ, भागिले त्याला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला लागतो किती वेळ, एवढी ही वाढ. म्हणजे आकडा मोठा असण्याचं कारण आणि डिटेक्टर संथ असण्याचं कारण एकच. माहितीपत्रकात पहिला आकडा ठळक अक्षरांत होता, प्रकाश गेल्यावर करंट उतरायला लागणारा वेळ कुठेच नव्हता.

मी मोजला. ३६५ नॅनोमीटरची एलईडी पाच मिनिटं लावली, बंद केली आणि घड्याळ धरून बसले. एका मिनिटानंतर करंट एक तृतीयांशावर होता. दहा मिनिटांनंतरही मूळ अंधाराच्या कितीतरी पट. जेवून परत आले तरी जुन्या पातळीवर पोचला नव्हता. आमच्या बेंचवर नवीनच आलेल्या मुलाला वाटलं शटरमधून प्रकाश गळतो आहे, त्याने सगळ्या फटींना काळी टेप लावली. गळत काही नव्हतं. तारा आधीचा प्रकाश विसरायला तयार नव्हत्या. मग निर्वात कक्षात ठेवून पाहिलं तर उतरणं आणखी मंदावलं, आणि हवा सोडल्याबरोबर वेग आला. चिकटायला ऑक्सिजनच नसेल तर इलेक्ट्रॉन अडकणार कुठे? दमट हवेत वक्र पुन्हा निराळा आला. प्रकाश वाढवत गेल्यावर वॉटमागचे अँपिअर घसरत गेले, कारण अडकवणाऱ्या जागा भरत येतात. तो शंभरचा आकडा फक्त अगदी मंद प्रकाशातला होता.

यूव्ही आहे की नाही एवढंच सांगायचं असेल, ज्वाळा लागली का, झाकण उघडं राहिलं का, अशा ठिकाणी हा डिटेक्टर उत्तम चालेल, साध्या सर्किटवर चालेल. दर सेकंदाला बदलणारी तीव्रता मोजायला तो घेऊ नये. माझ्या बेंचवरून तो उतरवला आहे.

परत काळ्याकडे. त्याचं अंधारातलं वागणं हा माझ्या धास्तीचा विषय होता, कारण पृष्ठभाग वाढला की गळतीही वाढावी असं वाटतं. ५ व्होल्ट उलटे दिल्यावर दोनेक नॅनोअँपिअर डार्क करंट मिळाला. सपाट जुन्यापेक्षा थोडा जास्त, पण चिंतेचा नाही. त्याने येणारा शॉट नॉइज, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे सुटे येण्यामुळे होणारी करंटची थरथर, हर्ट्झच्या वर्गमुळामागे २५ फेम्टोअँपिअर होतो. मला वेगाची घाई नसल्याने मी उलटं व्होल्टेज काढूनच टाकते. शून्यावर हा नॉइज त्याच्या काही अंशावर येतो. खोली तापली की डार्क करंट झपाट्याने चढतो, साधारण दर आठ-दहा अंशांना दुप्पट, पण हे प्रत्येक सिलिकॉन डायोडचं आहे. शटर पडलं की रीडिंग खाली येतं आणि तिथेच थांबतं. तारांशी दोन आठवडे झगडल्यावर हे बघताना किती बरं वाटलं, ते सांगता येणार नाही.

जोरदार प्रकाशात मात्र सांभाळावं लागतं. जंक्शन डोपिंगचं नसून विद्युत्भाराने ओढून आणलेलं असल्याने पृष्ठभागालगतच्या थराचा आडवा रोध जास्त असतो. शून्य व्होल्टेजवर माझ्या डायोडची प्रकाश आणि करंट यांची सरळ रेषा १०० मायक्रोअँपिअरच्या पुढे वाकू लागली. ५ व्होल्ट उलटे दिले की पुन्हा सरळ झाली. लेसरची शक्ती मोजणाऱ्यांनी हे स्वतः तपासल्याशिवाय आकड्यांवर विसंबू नये. इन्फ्रारेडकडे फार आशेने बघू नये; ११०० नॅनोमीटरच्या आसपास सिलिकॉनच संपतं, सुया काही तो पट्टा हलवू शकत नाहीत.

वरचे आकडे बघून बिनखिडकीचाच घ्यावा असं वाटेल, तर त्याची जोखीमही सांगायला हवी. आमच्या डबीत जोडणी नसलेला एक नमुन्याचा तुकडाही आला होता. त्याच मुलाने मला विचारलं, "ताई, यावर धूळ बसली आहे, पुसू का?" मी मान वर करायच्या आत त्याने अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा हलकाच एकदा फिरवला होता. सपाट चिपवर आम्ही हे रोज करतो, त्याची चूक नव्हतीच. काळ्यावर करडा, चकचकीत पट्टा उमटला आणि तो कशानेही गेला नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर कळलं का ते. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना सुया ताठ उभ्या होत्या, दाट आणि एकसारख्या. मध्ये वादळात आडव्या झालेल्या पिकासारखी सगळी रांग मोडून पडली होती, आणि काही सुयांची टोकं तुटून बाजूच्या उभ्या सुयांमध्ये अडकली होती. पट्ट्याच्या कडेला एक धूळकण तसाच बसलेला होता, सुयांच्या टोकांवर तोललेला. कोरड्या नायट्रोजनच्या हलक्या झोताने तो आधीच उडाला असता. तेव्हापासून काळ्या डायोडाला आम्ही झोताशिवाय काही लावत नाही, बोट तर नाहीच.

टिकाऊपणा: दर सोमवारी संदर्भ-डिटेक्टरशी ताडून पाहते. आठ महिन्यांत फरक माझ्या अनिश्चिततेच्या बाहेर गेलेला नाही, आणि तो रोज काही तास २५४ नॅनोमीटरच्या झोतात असतो. जुना सपाट डायोड याच काळात दोन टक्क्यांच्या आसपास उतरला, तोही अनिश्चिततेच्या आतलाच, पण उतार सतत एकाच दिशेने आहे. यूव्हीने सिलिकॉन आणि ऑक्साइड यांच्यामधली सीमा हळूहळू बिघडते, तेच हे असावं.

दिव्यांचं, फ्लोरोसन्सचं, वर्णपटाचं काम करणाऱ्यांनी काळा जरूर घ्यावा. मागवताना उघड्या चिपचे आकडे आणि कॅनमधले आकडे वेगवेगळे मागून घ्यावेत, आणि ज्या कोनात वापरणार त्या कोनातलं रीडिंग विचारावं. आमची दुसरी मागणी गेल्या आठवड्यात गेली, या वेळी बिनखिडकीच्या दोन डायोडांची. त्यांच्यासाठी नायट्रोजनच्या झोताची नळी बसवलेली धूळबंद पेटी तयार करून ठेवली आहे. तिच्या झाकणावरची "पुसू नये" ही चिठ्ठी त्या मुलाने स्वतःच्या हाताने लिहिली आहे.